काचेच्या बशीतला कॅन्सर

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्यांना ‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की केळीची रोपं आठवतील. झाडाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवायचा आणि त्याची शेकडो रोपं करायची. प्राण्यांच्या आणि माणसाच्या पेशींची अशी ‘शेती’ करणारी भारतातली पहिली संशोधन प्रयोगशाळा मुंबईत उभी राहिली. ती उभारली डॉ. कमल रणदिवे यांनी. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ‘कार-टी’ उपचाराच्या बातम्या तुम्ही वाचता ना? त्या समजून घ्यायच्या तर या बाईंपासून सुरुवात केलेली बरी.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं त्यांच्या मनात होतं. (नीटचा क्लास लावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) कमलनं दोन्ही केलं नाही. तिनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, लग्न केलं ते एका गणितज्ञाशी. १९४३ मध्ये एम.एस्सी. केलं पुण्याच्या शेतकी कॉलेजातून, आणि विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं!

लग्नानंतर मुंबईत आल्यावर डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला, जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, म्हणजे प्रसिद्ध ‘हेला’ पेशी, १९५१ मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या. पेशी बाहेर जगवणं हे मोठं नाजूक काम. तापमान, अन्न, स्वच्छता, एकही गोष्ट चुकली की सगळं मुसळ केरात. ही कला शिकून त्या परतल्या, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात.

इथे त्यांनी उंदरांवर काम केलं. एका वाणाच्या उंदरांना स्तनाचा कॅन्सर होतो, दुसऱ्याला का होत नाही? आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचं नातं त्यांनी या उंदरांमध्ये शोधलं. कॅन्सरची पेशी आणि निरोगी पेशी यांत नेमका फरक कुठे, याच गाठीशी कार-टीवाले आजही झगडतायत.

कसं ते बघा. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढतात. या आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या सैनिक. त्यांच्यात नवं जनुक घालतात, मग त्यांच्या अंगावर कॅन्सर पेशी ओळखणारा ‘हूक’ उगवतो. प्रयोगशाळेत त्या कोट्यवधींनी वाढवायच्या (इथे पेशींची शेती आलीच!) आणि पुन्हा रुग्णाला द्यायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं घडवलेल्या ‘नेक्सकार १९’ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्याचा हूक ‘सीडी १९’ हे प्रथिन पकडतो. अडचण अशी, की ते निरोगी बी पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात. बी पेशी गेल्या तरी बाहेरून प्रतिपिंडं देऊन भागवता येतं. पण स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या गाठीवरचं प्रथिन थोडंफार निरोगी अवयवांवरही सापडतं. तिथे सैनिक चुकला तर जीवच जायचा. म्हणून आता दोन खुणा एकत्र दिसल्या तरच हल्ला करणाऱ्या टी पेशी बनवायचा खटाटोप जगभर चाललाय. एका कुलपाला दोन किल्ल्या, तसं समजा. माझ्या मते खरी चुरस इथे आहे. औषध स्वस्त करण्याची लढाई वेगळी. परदेशापेक्षा किंमत बरीच कमी असली तरी ती अजून लाखांतच आहे.

रणदिवे बाईंची ती संस्था पुढे टाटा मेमोरियलमध्ये विलीन झाली आणि आज खारघरला ‘ॲक्ट्रेक’ म्हणून ओळखली जाते. कार-टीचा देशातला पहिला रुग्ण तिथेच, जून २०२१ मध्ये.

बाईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याआधी, १९७३ मध्ये, सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली होती. निवृत्तीनंतर आराम करायचा तर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत राहिल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.