टेलिफोनची टिंगल करणारा, यंत्रापायी दिवाळं काढणारा आणि स्वतःचं आत्मचरित्र १०० वर्षं कुलपात ठेवणारा मार्क ट्वेन!

रोज सकाळी मोबाईल उघडला की एक तरी बातमी असतेच. अमुक यंत्र आलंय, आता जग बदलणार. तमुक अ‍ॅप आलंय, आता कष्ट संपले. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक खूश, उरलेले निम्मे चेष्टा करतायत आणि एखादा विचारतोय, "ते सगळं ठीक आहे, पण आपली माहिती कुणाकडे जाणार?"

मंडळी, ही कमेंट काही आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक माणूस हेच करत होता. टेलिफोन, टाइपरायटर, चोरघंटी, बोटांचे ठसे, दूरवरचं दाखवणारं यंत्र, कशालाच त्याने सोडलं नाही. गंमत म्हणजे हाच माणूस नव्या यंत्रांच्या इतका प्रेमात होता की त्यातल्या एकाने त्याला रस्त्यावर आणलं. ते कर्ज फेडायला त्याला थेट मुंबईपर्यंत यावं लागलं!

तर आज भेटूया सॅम्युअल क्लेमेन्सला. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखतं.

छापखान्यातलं पोरगं

सॅम्युअलचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ चा, मिसुरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या खेड्यातला. त्या वर्षी आकाशात हॅलेचा धूमकेतू दिसत होता. तो अकरा वर्षांचा असताना वडील गेले आणि थोड्याच काळात शाळा सुटून छापखाना सुरू झाला. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, ओळीत लावायचा, छापून झालं की पुन्हा खणाखणात टाकायचा. हे काम किती किचकट आणि वेळखाऊ आहे हे त्याच्या बोटांना कायमचं लक्षात राहिलं. पुढे त्याला हीच आठवण भारी पडली.

मग तो मिसिसिपी नदीवर आगबोट चालवायला शिकला. १८५९ मध्ये परवाना मिळाला. त्या काळी आगबोट म्हणजे प्रगतीचं शिखर. पण त्याआधीच, १८५८ मध्ये, 'पेनसिल्व्हेनिया' नावाच्या बोटीचे बॉयलर फुटले आणि त्याचा धाकटा भाऊ हेन्री त्यात भाजून गेला. हेन्रीला बोटीवर काम सॅम्युअलनेच मिळवून दिलं होतं. ही बोच त्याच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. यंत्राचं कौतुक करतानाही त्याचा एक डोळा संशयाने बघत असे, त्यामागे ही जखमही असावी.

'मार्क ट्वेन' हे टोपणनावही बोटीवरचंच. पाण्याची खोली मोजताना दोन वाव म्हणजे १२ फूट भरले की तशी आरोळी दिली जाई. म्हणजे एवढ्या पाण्यात बोटीला धोका नाही.

फेक न्यूजचा पहिला धडा

१८६२ मध्ये तो नेवाडातल्या 'टेरिटोरियल एंटरप्राइज' या वर्तमानपत्रात बातमीदार झाला. तेव्हा वर्तमानपत्रांना एक खूळ लागलं होतं. इथे दगड झालेलं झाड सापडलं, तिथे दगड झालेला प्राणी सापडला. लोक वाचत आणि डोळे मिटून विश्वास ठेवत.

या खुळाची टर उडवायला ट्वेनने एक बातमी ठोकून दिली. डोंगरात दगड झालेला अख्खा माणूस सापडलाय! त्याचा हात कुठे, अंगठा कुठे, बोटं कशी पसरलेली, असं वर्णन त्याने तुकड्या-तुकड्यांत बातमीभर पेरलं. ते तुकडे नीट जोडले तर कळे, की तो दगडी माणूस नाकाला अंगठा लावून वाचणाऱ्याला वेडावून दाखवतोय. भरीला एका स्थानिक न्यायाधीशालाही त्यात चिमटा काढला होता.

झालं काय? कुणी नीट वाचलंच नाही. इतर वर्तमानपत्रांनी बातमी खरी समजून उचलली. आजच्या भाषेत सांगायचं तर मथळा वाचला आणि फॉरवर्ड केला!

टाइपरायटर आणि तेच ते सत्तावन्न शब्द

१८७४ च्या सुमारास बोस्टनमध्ये त्याला एका दुकानात टाइपरायटर दिसला. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. विक्रेत्याने सांगितलं की यावर मिनिटाला ५७ शब्द होतात. ट्वेन आणि त्याच्या मित्राचा विश्वास बसेना. मग तिथल्या मुलीने घड्याळ लावून टाइप करून दाखवलं. पुन्हा पुन्हा, दरवेळी ५७ शब्द. ट्वेनने १२५ डॉलर मोजून यंत्र घेतलं. हॉटेलवर जाऊन त्या चिठ्ठ्या उलगडल्या, तर सगळ्यांवर तेच शब्द! पोरीने एकच मजकूर पाठ केला होता. 'डेमो' बघून वस्तू घेणाऱ्यांचा हा आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पुढे तर आणखी वैताग झाला. टाइप केलेलं पत्र गेलं की समोरचा उलट टपाली विचारणार, हे कुठलं यंत्र, कसं चालतं, तुम्हाला किती जमतं? शेवटी त्याने कंपनीला कळवून टाकलं की माझं नाव कुठेही वापरू नका, मी हे यंत्र वापरणंच सोडलंय आणि ते माझ्याकडे आहे हेही लोकांना कळायला नको. फुकटात मोठी जाहिरात नाकारणारा असा प्रसिद्ध माणूस आज शोधून सापडायचा नाही. पण खोड काही गेली नाही. १८८३ मध्ये आलेल्या त्याच्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी' या पुस्तकाचं हस्तलिखित टाइप करूनच छापखान्यात गेलं होतं.

अर्धाच ऐकू येणारा फोन

कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावात त्याचं ऐसपैस घर होतं. खासगी घरात टेलिफोन घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत त्याचा नंबर लागतो. १८८० मध्ये त्याने फोनवर एक विनोदी लेख लिहिला. खोलीत बसलेल्या माणसाला फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. प्रश्न ऐकू येतो तर उत्तर नाही, हळहळ ऐकू येते तर कारण नाही, मध्येच पाककृती, मध्येच कुणाच्या तरी भानगडीचा इशारा. लोकलमध्ये शेजारचा माणूस मोठ्या आवाजात फोनवर बोलत असेल तर आपलं जे होतं, ते ट्वेनने तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

पुढे एकदा नाताळच्या शुभेच्छा देताना त्याने साऱ्या जगाचं भलं चिंतलं, फक्त टेलिफोनच्या संशोधकाला त्यातून वगळलं! त्यानेच सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे सुरुवातीला त्याला टेलिफोनचे शेअर देऊ केले होते. आधीच्या गुंतवणुकींत हात पोळल्यामुळे त्याने ते नाकारले. जिथे पैसा होता, नेमका तिथेच याने संशय घेतला.

घरात चोरघंटीही होती. १८८२ च्या एका कथेत त्याने तिचे वाभाडे काढले. घंटी फक्त तळमजल्यावर, म्हणून चोर वरच्या मजल्यावरून येतो. मग वर बसवा. रोज पहाटे स्वयंपाकीण दार उघडते आणि घर दणाणून उठतं. दुरुस्तीची बिलं वाढत जातात आणि एक दिवस चोर येऊन ती घंटीच काढून नेतात! फोनला जोडलेला कॅमेरा मांजर आलं तरी 'अनोळखी व्यक्ती' म्हणून कळवतो, तेव्हा ही कथा आठवायला हवी.

ज्या यंत्राची चेष्टा करायला तो विसरला

आता मुख्य गोष्ट. १८८० च्या सुमारास त्याची ओळख जेम्स पेज नावाच्या संशोधकाशी झाली. पेज खिळे जुळवणारं यंत्र बनवत होता. जुळवणार, ओळ बरोबर बसवणार आणि वापरलेले खिळे पुन्हा जागच्या जागी टाकणार. लहानपणी दिवसभर हेच काम केलेल्या ट्वेनला ते यंत्र म्हणजे चमत्कार वाटला. इथे त्याच्यातला थट्टेखोर झोपी गेला.

यंत्रात सुमारे १८,००० भाग होते. चाललं की अफाट चाले, पण बहुतेक वेळ ते खोललेलंच असे, कारण पेजला सतत काहीतरी सुधारायचं असे. दरम्यान १८८६ मध्ये लायनोटाइप हे साधं, दणकट यंत्र न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात कामाला लागलं. तरीही ट्वेन पैसे ओततच राहिला. स्वतःची कमाई आणि पत्नी ऑलिव्हियाच्या वारशातला पैसा मिळून सुमारे ३ लाख डॉलर त्यात गेले असं मानलं जातं. १८९४ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रात त्याची चाचणी झाली. यंत्र सारखं बिघडत राहिलं आणि खेळ संपला. त्याच वर्षी त्याची प्रकाशन संस्थाही बुडाली.

कायद्याने सगळं कर्ज फेडण्याची सक्ती नव्हती. तरी त्याने पै न पै फेडायचं ठरवलं आणि साठीच्या उंबरठ्यावर, जुलै १८९५ मध्ये, तो जगभर व्याख्यानं द्यायला निघाला.

मुंबईचे कावळे

जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला. मुक्काम काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. प्रवासाने आणि खोकल्याने तो बेजार होता, पण नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्यानं झाली. प्रवासवर्णनात त्याने मुंबईतल्या कावळ्यांवर मोठ्या प्रेमाने लिहिलंय. सगळीकडे डोकावणारा, प्रत्येकाच्या कपड्यांवर आणि चालचलणुकीवर न विचारता मत देणारा हा पक्षी त्याला फार आवडला. थोडक्यात, खिडकीच्या कठड्यावर बसलेला कमेंट सेक्शन!

योगायोग बघा. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्याच वॉटसन्स हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला. ट्वेनची ही गाठ थोडक्यात हुकली.

१८९८ पर्यंत त्याने सगळं कर्ज फेडलं. पण किंमत मोठी होती. हा दौरा संपल्यावर लगेच, ऑगस्ट १८९६ मध्ये, त्याची थोरली मुलगी सूझी अमेरिकेत मेंदूज्वराने गेली. ट्वेन तेव्हा इंग्लंडमध्ये होता.

अंगठ्याचा ठसा आणि सगळं दाखवणारा पडदा

आज रेशन दुकानापासून मोबाईलपर्यंत अंगठा लावायची सवय झालीय. ट्वेनने १८९४ च्या 'पुडन्हेड विल्सन' या कादंबरीत बोटांचे ठसे थेट कोर्टात आणले. अमेरिकी पोलीस ते वापरू लागायला तेव्हा अवकाश होता. कादंबरीतला वकील विल्सन गावातल्या प्रत्येकाचे ठसे काचेवर घेऊन ठेवतो. लोक त्याला खुळा समजतात आणि हसत हसत बोटं टेकवतात. पण एका गुलाम आईने पाळण्यात आपलं बाळ आणि मालकाचं बाळ बदललेलं असतं. वर्षांनंतर खुनाच्या खटल्यात तेच ठसे बाहेर येतात. खुनी सापडतो. पण तो जन्माने गुलाम ठरतो, म्हणून त्याची 'मालमत्ता' समजून विक्री होते. जो खरा वारस असतो, तो गुलाम म्हणून वाढल्यामुळे ना इकडचा राहतो ना तिकडचा. ठसा खोटं बोलला नाही, पण तो ज्यांच्या हातात गेला त्यांचा कायदाच अन्यायी होता. गमतीत दिलेली माहिती पुढे कुठे वापरली जाईल, हा आजचाही प्रश्न आहे.

१८९८ मध्ये त्याने आणखी पुढची उडी मारली. व्हिएन्नात राहताना यान श्चेपानिक या संशोधकाच्या 'टेलेक्ट्रोस्कोप'ची बरीच चर्चा होती. त्यावरून त्याने १९०४ सालात घडणारी एक कथा रचली. टेलिफोनच्या तारांना जोडलेलं हे यंत्र जगातला कुठलाही कोपरा त्याच क्षणी दाखवतं आणि कुणाचंही रोजचं जगणं कुणालाही बघता येतं. फाशीच्या दारात उभा असलेला एक कैदी त्यावर जग बघत बसतो आणि ज्याचा खून केल्याचा आरोप आहे, तोच माणूस पेकिंगच्या गर्दीत जिवंत दिसतो! सुटका? नाही. शेवटी न्यायालय जुने दाखले काढतं आणि निर्दोष माणूस फासावर जातो. पुरावा डोळ्यांसमोर असला तरी न बघायचं ठरवणाऱ्यांपुढे यंत्र काय करणार?

आणि तरीही मंडळी, याच श्चेपानिकच्या दुसऱ्या एका यंत्राचे हक्क घेता येतील का, याची चाचपणी ट्वेनने केलीच!

चोरांसाठी सूचना, वाचकांसाठी कुलूप

१९०८ मध्ये त्याच्या शेवटच्या घरात खरोखर चोरी झाली. त्याने काय करावं? पुढच्या चोरासाठी दारावर सूचना लावली. चांदीचा मुलामा दिलेली भांडी कुठे आहेत, मांजरीच्या पिल्लांची टोपली हवी असेल तर पिल्लं कुठे ठेवायची, आवाज करू नका आणि जाताना दार लावा.

पण स्वतःच्या मनातलं मात्र त्याने असं उघड्यावर ठेवलं नाही. आत्मचरित्र सांगताना त्याने अट घातली की संपूर्ण मजकूर मरणानंतर १०० वर्षं छापायचा नाही. माणूस मोकळेपणाने बोलतो, ते ऐकणारे आणि दुखावणारे उरले नाहीत तेव्हाच, असं त्याचं गणित होतं. काही भाग आधी प्रसिद्ध झाले, पण पूर्ण आवृत्तीचा पहिला खंड कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१० मध्ये काढला.

२१ एप्रिल १९१० रोजी तो गेला. आकाशात पुन्हा हॅलेचा धूमकेतू होता. पेजचं ते यंत्र मात्र आजही हार्टफर्डच्या त्याच्या घरात जपून ठेवलंय.

शेवटचा विनोद नियतीनेच केला. सत्य घराबाहेर पडेपर्यंत असत्य अर्धं जग फिरून येतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या फोटोसकट आजही सर्रास फिरतं. ते त्याचं असल्याचा पुरावा नाही. तोच विचार जोनाथन स्विफ्टने १७१० मध्येच मांडला होता, ट्वेनच्या जन्माच्या सव्वाशे वर्षं आधी. दगडी माणसाची बातमी ठोकणारा स्वतःच फॉरवर्ड होऊन बसलाय. तेव्हा पुढच्या वेळी तसा फोटो ग्रुपवर आला, तर एकदा नीट बघा. कदाचित कुणीतरी नाकाला अंगठा लावून वेडावत असेल!