अमीर अब्दुल कादिर अल-जजाइरी आणि युद्धकैद्यांची अमानत

कुरआनच्या सूरह अद्-दहरमध्ये सदाचारी लोकांचे वर्णन करताना गरीब आणि अनाथ यांच्या बरोबरीने कैद्याला जेवू घालणाऱ्यांचा उल्लेख आला आहे. बद्रच्या लढाईनंतर मदीनेत आणलेल्या मक्केच्या कैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सहाबांना दिली होती, हेही आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु शत्रू गावे जाळीत असताना, स्वतःच्या सैन्याला दोन वेळचे अन्न मिळत नसताना या शिकवणुकीचे पालन कसे करायचे, हा प्रश्न फार थोड्या लोकांपुढे प्रत्यक्षात उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात तो अल्जीरियाच्या अमीर अब्दुल कादिर यांच्यापुढे उभा राहिला. त्यांच्या चरित्राचा हा भाग जितका उज्ज्वल आहे, तितकाच वेदनादायकही आहे.

अमीर यांचा जन्म 1808 साली पश्चिम अल्जीरियातील मुआस्कर शहराजवळ झाला. वडील शेख मुहियुद्दीन हे कादिरिया सिलसिल्याचे आदरणीय बुजुर्ग होते. घरचे वातावरण मदरशाचे आणि खानकाहचे होते. तरुणपणीच त्यांनी वडिलांसोबत हज केला, दमास्कस पाहिले आणि बगदादला जाऊन हजरत शेख अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांच्या मजारवर हजेरी लावली. त्यांचा स्वतःचा ओढा ग्रंथ आणि इबादतीकडे होता. 1830 साली फ्रेंच सैन्याने अल्जीअर्स घेतले आणि पुढे सारेच बदलले. 1832 च्या नोव्हेंबरात पश्चिमेकडील कबिल्यांनी वृद्ध शेख मुहियुद्दीन यांच्याऐवजी त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या हाती बैअत केली.

पुढील पंधरा वर्षांच्या लढायांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. 1834 आणि 1837 साली फ्रान्सने त्यांच्याशी तह केले, 1839 साली युद्ध पुन्हा पेटले आणि जनरल ब्युजो याने पिके, कोठारे, गुरे आणि वस्त्या नष्ट करण्याचे धोरण उघडपणे अवलंबिले. आपला विषय कैद्यांचा आहे.

त्या युद्धात शत्रूचे मुंडके कापून आणणाऱ्याला बक्षीस देण्याची जुनी रीत होती आणि फ्रेंचांच्या बाजूनेही मुंडकी व कान कापण्याचे प्रकार घडत होते. अमीर यांनी ही रीत मोडली. जिवंत कैदी आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल. ज्याच्या ताब्यात कैदी आहे तो त्याच्या वागणुकीबद्दल जबाबदार राहील. आणि कैद्याने छळाची तक्रार केली तर बक्षिसावरचा हक्क जाईल, असा हुकूम त्यांनी काढला. एका शिपायाने मुंडक्याचे काय मिळेल असे विचारले, तेव्हा तळपायांवर छड्या मिळतील असे उत्तर त्याला मिळाले, असे सांगतात. स्त्री कैद्यांची व्यवस्था अमीर यांच्या मातोश्री लल्ला जोहरा यांच्या देखरेखीखाली असे. माणसाच्या लोभालाच दयेच्या कामाला जुंपण्याची ही युक्ती मोठी व्यवहारी होती. नुसता उपदेश करून रणांगणातील शिपाई ऐकत नाही, हे त्यांना कळत होते.

अल्जीअर्सचे कॅथलिक बिशप द्युप्युश यांनी एका कैद्याच्या पत्नीच्या विनवणीवरून त्या एकाच्या सुटकेसाठी अमीर यांना पत्र लिहिले. अमीर यांनी उत्तरात त्यांना प्रेमाने टोकले की, बिशपांनी एकाची नव्हे तर सर्व ख्रिस्ती कैद्यांची सुटका मागायला हवी होती, आणि त्याच न्यायाने फ्रेंच तुरुंगांत खितपत पडलेल्या मुसलमानांसाठीही रदबदली करायला हवी होती. या पत्रव्यवहारातून 1841 साली दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल झाली. कैद्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे उपासना करता यावी म्हणून पाद्री पाठविण्याची सूचनाही अमीर यांनी केली होती. पहिला जिनीव्हा करार 1864 सालचा, आणि युद्धकैद्यांविषयीचा स्वतंत्र करार तर थेट 1929 सालचा, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. ब्युजोला मात्र हा जिव्हाळा रुचला नाही. शत्रूच्या दयेची कीर्ती आपल्या शिपायांत पसरणे कोणत्याच सेनापतीला परवडत नाही.

1845 च्या जूनमध्ये दहरा पर्वतात उलाद रियाह कबिल्याचे लोक बायकामुलांसह आणि गुरांसह गुहेत लपले. कर्नल पेलिसिए याने गुहेच्या तोंडाशी आगी पेटविल्या आणि धुराने शेकडो माणसे गुदमरून मेली. मृतांचे अंदाज पाचशेपासून हजारापर्यंत आहेत. ही बातमी पॅरिसला पोहोचली, वरिष्ठ सभागृहात प्रश्न विचारला गेला, वृत्तपत्रांनी संताप व्यक्त केला. ब्युजोने आपल्या अधिकाऱ्याची पाठराखण केली आणि प्रकरण तेथेच मिटले. दोन महिन्यांनी सेंट आर्नो नावाच्या दुसऱ्या कर्नलने आणखी एका गुहेची तोंडे बुजवून आतल्या माणसांना गाडले. या वेळी बोभाटा होऊ नये याची त्याने काळजी घेतली. आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र ते कृत्य नमूद केले. पुढे हे दोघेही फ्रान्सचे मार्शल झाले.

येथवर वाचणाऱ्याला वाटेल की एका बाजूला सारा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला सारा अंधार होता. तसे नव्हते, आणि आपल्या बुजुर्गांचे चरित्र लिहिताना पुढचे पान गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

1845 च्या सप्टेंबरात सीदी ब्राहीम येथे अमीर यांच्या सैन्याने फ्रेंचांची एक तुकडी जवळजवळ संपविली. त्या सुमारास हाती आलेले कैदी मोरोक्कोच्या हद्दीत मुलूया नदीजवळील तळावर ठेवण्यात आले. अमीर स्वतः दूर अल्जीरियाच्या आत लढत होते. तळावर अन्न नव्हते, मोरोक्कोचा सुलतान उलटला होता, आणि कैद्यांच्या देवाणघेवाणीच्या प्रस्तावांना फ्रेंच बाजूकडून उत्तर येत नव्हते. 1846 च्या एप्रिलमध्ये एका रात्री काही अधिकारी वगळून तेथील कैद्यांची कत्तल झाली. मृतांची संख्या अडीचशेच्या वर होती. तळाची जबाबदारी अमीर यांचे मेहुणे व खलीफा मुस्तफा बिन तहामी यांच्याकडे होती. वाचलेल्या अधिकाऱ्यांना पुढे त्याच वर्षी सोडण्यात आले.

अमीर यांनी हा हुकूम दिला नव्हता, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यांच्या आधीच्या साऱ्या वागणुकीशीही ते विसंगत ठरते. तरीही ज्याच्या नावाने सैन्य उभे आहे त्याच्या माथ्यावरून ही गोष्ट पूर्णपणे उतरत नाही. बिन तहामी पुढेही अमीर यांच्या सोबत राहिले, फ्रान्समधील कैदेतही. उपासमार, भीती, सेनापतीची गैरहजेरी ही सारी कारणे खरी आहेत. पण दहराच्या गुहेसमोर उभ्या असलेल्या कर्नलकडेही कारणांची वाण नव्हती. कैदी ही अमानत आहे असे एकदा मानले की अमानत बुडाल्यावर कारणे पुढे करता येत नाहीत. अमीर यांच्यासारख्या आलिमाला हे आपल्याला सांगावे लागले नसते.

1847 च्या डिसेंबरात, चहूकडून कोंडी झाल्यावर, अमीर यांनी शस्त्र खाली ठेवले. अट एकच होती: आपल्याला कुटुंबासह आणि सोबत्यांसह अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ द्यावे. जनरल लामोरिसिएर आणि राजपुत्र ड्यूक दोमाल यांनी ती मान्य केली. जहाज मात्र फ्रान्समधील तुलाँ बंदरात नेण्यात आले. नंतर राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तरी वचन पाळले गेले नाही. आणि सुटकेला विरोध करणारे मुलूयाकाठच्या त्याच कत्तलीकडे बोट दाखवीत राहिले. ज्याने कैद्यांसाठी नियम घालून दिले, तो आता स्वतः कैदी होता. तुलाँ, मग पो, आणि 1848 अखेरीपासून आंब्वाझचा किल्ला. थंडी आणि आजारांनी त्यांच्या सोबतची लहान मुले आणि स्त्रियाही दगावल्या. आंब्वाझच्या किल्ल्याच्या बागेत त्यांच्या पंचवीस माणसांच्या कबरी आहेत. या काळात त्यांच्या सुटकेसाठी सर्वांत कळकळीने लिहिणाऱ्यांत तेच बिशप द्युप्युश होते. 1852 च्या ऑक्टोबरात लुई नेपोलियन याने स्वतः आंब्वाझला येऊन त्यांना मुक्त केले.

बुरसा येथे काही काळ राहून अमीर 1855 साली दमास्कसला आले आणि अध्यापन, जिक्र व लेखनात रमले. शेख इब्न अरबी यांच्या विचारांवर आधारलेला त्यांचा ‘किताबुल मवाकिफ’ हा ग्रंथ येथलाच. पण 1860 च्या जुलैमध्ये लेबनॉनच्या डोंगरातील दंगल शहरात उतरली, आणि ख्रिस्ती मोहल्ला पेटला. अमीर आपल्या अल्जीरियन सोबत्यांना घेऊन बाहेर पडले, ख्रिस्ती लोकांना आणि परदेशी वकिलातींच्या माणसांना आपल्या घरी आणले. घर अपुरे पडले तेव्हा त्यांना किल्ल्यात सुरक्षित पोहोचविले. जिवंत ख्रिस्ती माणूस आणून देणाऱ्या प्रत्येकाला पन्नास पियास्टर मिळतील, असे त्यांनी जाहीर केले. मुआस्करमधला तोच जुना हुकूम, वीस वर्षांनी. अशा रीतीने हजारो जीव वाचले. उस्मानी सरकारने फुआद पाशांना पाठवून चौकशी केली आणि दीडशेहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला. त्यांत खुद्द दमास्कसचा वाली अहमद पाशाही होता. परकीय आरमाराचा धाक त्यामागे होता हे खरे, परंतु आपल्याच सर्वोच्च अधिकाऱ्याला त्याच्या कर्तव्यच्युतीसाठी शिक्षा देण्याचे ते उदाहरण त्या काळात दुर्मीळ होते.

त्या वर्षी फ्रान्सने अमीर यांना आपला सर्वोच्च बहुमान दिला. त्याच 1860 साली दहराच्या गुहेचा पेलिसिए अल्जीरियाचा गव्हर्नर-जनरल म्हणून नेमला गेला. अभिनंदनाला उत्तर देताना अमीर यांनी एवढेच कळविले की, आपण शरीयतचे आणि माणुसकीच्या हक्कांचे पालन केले. काकेशसमध्ये रशियाशी लढलेल्या इमाम शामिल यांनीही त्यांना शाबासकीचे पत्र पाठविले होते.

1883 च्या मे महिन्यात दमास्कसमध्ये त्यांचे निधन झाले. दफन इब्न अरबी यांच्या शेजारी झाले. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर अस्थी मायदेशी नेण्यात आल्या. तो स्वातंत्र्यलढाही कैद्यांच्या छळाने डागाळलेला होता. 1962 साली युद्ध थांबताच दिलेल्या माफीमुळे फ्रेंच छावण्यांतील छळाबद्दल खटले चालले नाहीत, आणि फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हरकी मुसलमानांची जी कत्तल त्यानंतर झाली, तिचाही हिशेब अल्जीरियाने मांडलेला नाही. 2018 साली फ्रान्सच्या अध्यक्षांनी मोरीस ओदँ या तरुण गणितज्ञाच्या मृत्यूची जबाबदारी राज्यव्यवस्थेवर असल्याचे मान्य केले. 2020 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या संग्रहालयात ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातील चोवीस कवट्या अल्जीरियाला परत मिळाल्या. 2022 च्या फेब्रुवारीत आंब्वाझ येथे अमीर यांच्या स्मृतिशिल्पाचे अनावरण व्हायचे होते. त्याच्या काही तास आधी कोणीतरी ते कापून विद्रूप केले. नगरपालिकेने कार्यक्रम रद्द केला नाही. तुटलेल्या शिल्पाचेच अनावरण झाले.