नाक चिलटाचं, कोडं मेंदूचं

सदाशिव पेठेतल्या एखाद्या मिसळीच्या दुकानात शिरलात, की तर्रीचा वास लगेच नाकात भरतो. पाव संपेपर्यंत मात्र तो जाणवेनासा होतो. वास तर तिथंच असतो, मग बदललं काय? असले प्रश्न सोडवण्यात वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी आयुष्य घातलं. हाताशी काय होतं? पिकल्या केळ्यांवर घोंगावतं ना, ते चिलट. म्हणजेच फळमाशी.

वेरोनिका यांचा जन्म १९५३ चा, केनियातला. आईवडील मूळचे गोव्याचे. कॉलेज सुरू झालं युगांडात, पदवी मिळाली आयर्लंडमध्ये डब्लिनला. पीएच.डी.साठी मात्र त्यांनी मुंबई गाठली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकींकडे शिकायचं, हे पक्कं होतं. आपल्याकडची मुलं परदेशी जायची धडपड करत होती, तेव्हा या उलट्या दिशेने आल्या. तेही जिथे वाढल्या नाहीत अशा देशात!

कुलाब्याच्या प्रयोगशाळेत इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नाही. जनुकात बिघाड असलेल्या काही माश्यांना ठरावीक वास कळेना, बाकीचे मात्र कळायचे. म्हणजे नाक शाबूत होतं, फक्त एक वाट बंद पडली होती. १९७८ मध्ये हे काम छापून आलं.

या वाटा मेंदूत पोचतात कुठे? काम करणारा भाग साखर जास्त ओढतो. म्हणून वेरोनिका यांनी साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ माश्यांना दिला. हे काम जर्मनीत ट्युबिंगेनला सुरू झालं. वास बदलला की मेंदूतली जागाही बदलते, हे त्यांच्या १९८८ च्या निबंधात आहे. वास ओळखणाऱ्या जनुकांचा शोध लागला त्यानंतर तीन वर्षांनी. त्या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं.

आता मिसळीकडे वळू. माशीला चार दिवस एकाच वासात ठेवलं, तर ती त्याला जुमानत नाही. तिच्या मेंदूत ब्रेक लावणाऱ्या पेशी असतात. त्या जोर धरतात आणि तेवढाच संदेश दाबतात. आपण काय हुंगतो, हे असं मेंदूही ठरवतो. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. लेखकांत वेरोनिका यांचं नाव होतं, पण त्या नव्हत्या. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करत असतानाच १० नोव्हेंबर २०१० रोजी कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

२०२४ मध्ये माशीच्या अख्ख्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १ लाख ४० हजार पेशी आहेत. यातली कुठली वाट माशीला नेमकं काय करायला लावते, हे अजून बरंच शोधायचंय. बायोलॉजीवाल्यांनो, हे काम तुमचं!