संतश्रेष्ठ श्री सेना महाराज

परंपरेनुसार श्री सेना महाराज हे बांधवगडचे रहिवासी व राजाच्या पदरी नाभिक होते. उत्तरेत त्यांना रामानंदांचे शिष्य मानतात. महाराष्ट्रात ज्ञानदेव-नामदेवांच्या संतमेळ्यात त्यांची गणना होते.

नाभिकाचे सर्वस्व म्हणजे धोकटी. वस्तरा ओल्या दगडावर धार पुढे ठेवून घासावा, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून फिरवावा. पट्ट्यावर दिशा चुकली तर चामडे चिरते आणि धारही जाते. राजाच्या गळ्यावरून फिरणाऱ्या पात्याला तर बोथटपणा क्षम्यच नव्हता.

एके दिवशी महाराज पूजेत मग्न असता राजाचे बोलावणे आले. ते उठले नाहीत. राजा संतापला. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग सेनांचे रूप घेऊन, धोकटीसह राजवाड्यात गेले व त्यांनी राजाची सेवा केली. तेलाच्या वाटीत राजास चतुर्भुज रूप दिसले. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) ग्रंथात ही कथा विस्ताराने आहे. आपल्यापायी देवाला वस्तरा हाती धरावा लागला, या जाणिवेने महाराज व्याकूळ झाले.

पुढे अभंगांतून त्यांनी विवेकाचा आरसा व वैराग्याचा चिमटा केला. त्यांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे.

श्रावण वद्य द्वादशीस त्यांची पुण्यतिथी असते. आषाढी वारीत श्री तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून कासुर्डी परिसरातून यवतकडे जाते. वारीच्या वाटेवर नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी विनामूल्य करून देतात.