बंदूक दुरुस्तीतून घडलेले जॉन ब्राउनिंग

जॉन ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका दुरुस्त करायचे. पोरगं तिथंच शिकलं. मोडकी बंदूक खोलायची, कुठला भाग झिजला ते बघायचं, नवा घडवून बसवायचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, तरी १८७९ ला पहिलं पेटंट मिळालं, त्याच वर्षी वडील गेले. पुढं पेटंटं झाली १२८. १९११ ला अमेरिकी सैन्यानं रिव्हॉल्व्हर मागं टाकून त्यांचं पिस्तूल घेतलं. १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं, तेही ब्राउनिंगच्याच पिस्तुलानं. त्यातून महायुद्ध पेटलं. पण कारागिराला विचारून गोळी कोण झाडतं? १९२६ ला बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यात काम सुरू असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. हातातलं नवं पिस्तूल मागच्यांनी पुरं केलं. आपल्या जवानांचं इशापूरचं नऊ एमएम पिस्तूल त्याच घाटाचं.