सलीम अली : निजामाच्या मुलखातली पाखरं नोंदवणारा माणूस

नांदेड-लातूरचा आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची ही गोष्ट. १९३१-३२ मध्ये या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करायला मुंबईचे सलीम अली आले. सोबत पत्नी तेहमिना होत्या. जर्मनीत शिकून आले तरी हाताला नोकरी नव्हती. म्हणून पगार नको, फक्त खर्च द्या, या बोलीवर त्यांनी काम घेतलं.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळलं. छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले अन् पाखरांचा नाद लागला तो कायमचाच.

पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले. १९६८ च्या पहिल्याच खंडात घार, ससाणा, गरुड, गिधाड हे शिकारी पक्षी आहेत. १९७६ ला पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ ला ते गेले.

तेव्हा मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरायचा. नव्वदच्या दशकात ती झपाट्यानं संपली. कारण निघालं जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते औषध दिलेलं जनावर मेलं अन् गिधाडानं खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

तेव्हा बैलाला, म्हशीला दुखण्याचं इंजेक्शन देताना डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. गिधाडाला त्याचा धोका नाही.