थंडीतील मोटार आणि चार्ल्स केटरिंग

विद्यार्थिमित्रहो, आपल्या समुद्रकाठच्या प्रदेशात थंडी पाहुण्यासारखी येते आणि चार दिवस राहून निघून जाते. त्यामुळे थंडीच्या कडाक्यात मोटारगाडी सकाळी सुरूच होत नाही, ही अडचण आपल्याला बहुधा ऐकूनच ठाऊक असते. परंतु जेथे हिवाळ्यात तळी गोठतात, त्या उत्तर अमेरिकेत एके काळी या अडचणीपायी माणसांचे हात मोडत असत. ते हात वाचविणाऱ्या एका संशोधकाचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थंडीचा आणि मोटारीचा दावा कोणता ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते ते द्रवरूपात नव्हे, तर वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. थंडीत पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही; मग ठिणगी पडली तरी पेट घेण्याजोगे मिश्रण सिलिंडरात नसते. दुसरे असे की, इंजिनातील वंगण तेल थंडीने काकवीसारखे दाट होते आणि यंत्राचे भाग फिरविण्यास अधिक जोर लागतो. तिसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि गारठ्यात ती क्रिया मंदावते. पारा शून्याखाली अठरा अंशांपर्यंत उतरला, तर शिसे व आम्ल यांच्या बॅटरीचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे जेव्हा शक्तीची गरज सर्वांत अधिक, नेमकी तेव्हाच ती सर्वांत कमी, असा हा प्रसंग असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक पेट्रोलच्या गाड्यांना सुरू करणारे विद्युत्यंत्र नव्हते. गाडीच्या पुढील बाजूस लोखंडी हँडल लावून ते हातांनी फिरवावे लागे. ठिणगी योग्य क्षणाच्या आधी पडली की इंजिन उलटा हिसका देई आणि हँडल फिरविणाऱ्याच्या मनगटावर किंवा तोंडावर आदळे. मनगटाजवळील एका अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही शोफरचे नाव आहे, ते यामुळेच. हिवाळ्यात तर दाट झालेल्या तेलाशी झगडत हँडल पुनःपुन्हा फिरवावे लागे. त्यामुळे श्रम वाढत आणि धोकाही वाढे.

हे संकट टाळण्याचा मार्ग ज्याने दाखविला, त्या चार्ल्स केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात लाउडनव्हिल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्याची दृष्टी लहानपणापासून अधू होती. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने काही काळ खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विशेष जवळची वाटावी, यात नवल नाही. पुढे तो विद्यापीठात गेला. परंतु डोळ्यांच्या दुखण्याने त्याला अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागला. तेव्हा घरी हताश बसून न राहता त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरले. उघड्यावरील त्या कष्टांत त्याला विजेचे प्रत्यक्ष ज्ञान मिळाले. प्रकृती सुधारताच तो परत विद्यापीठात आला आणि १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विद्युत् अभियांत्रिकीचा पदवीधर झाला.

त्यानंतर डेटन शहरातील एका मोठ्या कारखान्यात तो नोकरीस लागला. दुकानातील रोकड नोंदविणारी यंत्रे तेथे तयार होत. ही यंत्रे हाताने दांडा फिरवून चालवीत. ती विजेवर चालावीत असे केटरिंगने ठरविले. या कामात त्याला एक साधे सत्य सापडले. रोकडयंत्राला जोर लागतो तो क्षणभर. मग ते स्वस्थ असते. दिवसभर अखंड चालणारी मोठी मोटर त्याला कशाला हवी? लहान मोटरवर क्षणभर तिच्या नेहमीच्या शक्तीहून अधिक भार टाकला, तरी ती तापण्यापूर्वीच काम संपते.

१९०९ साली एडवर्ड डीड्स या सहकाऱ्यासमवेत त्याने डेल्को ही संस्था स्थापिली. त्यांचे आरंभीचे प्रयोग डीड्सच्या घरामागील कोठारात चालत. याच सुमारास कॅडिलॅक मोटारींचे निर्माते हेन्री लेलँड हँडलच्या अपघातांनी अस्वस्थ झाले होते. १९०८ साली वारलेले बायरन कार्टर हे मोटार-निर्माते लेलँडचे स्नेही होते. एका बंद पडलेल्या गाडीचे हँडल फिरविताना झालेली जखम त्यांच्या मृत्यूस कारण झाली, अशी हकीकत सांगतात. हँडलवाचून सुरू होणारी गाडी लेलँडना हवी होती.

विजेच्या साह्याने इंजिन फिरविण्याची कल्पना पूर्वीही काहींना सुचली होती. पण हिशेब मांडणारे म्हणत की, एवढे बळ देणारी मोटर व बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंगने येथे रोकडयंत्राचा धडा उपयोगात आणला. इंजिन पेट घेईपर्यंतचे काही क्षणच मोटरला राबायचे होते. म्हणून त्याने लहान मोटर घेतली, दंतचक्रांच्या योगे तिचा जोर वाढविला आणि इंजिन चालू झाल्यावर त्याच मोटरकडून डायनामोचे काम करवून खर्ची पडलेली वीज बॅटरीत परत भरण्याची योजना केली. फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र गाडीवर बसविण्यात आले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ते रूढ झाले. आपले ड्रायव्हर ज्याला नुसते 'सेल्फ' म्हणतात, तेच हे यंत्र. पेटंट १९१५ साली मिळाले. ज्यांच्या मनगटात हँडल फिरविण्याचे बळ नव्हते, अशा असंख्य स्त्रियांना व वृद्धांना त्यामुळे गाडी चालविणे सुकर झाले. थंडीने पुढेही त्रास दिला. पण तो त्रास आता गाडीच्या आत बसून सोसता येऊ लागला.

१९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. आगगाडीसाठी उपयुक्त अशी डिझेल इंजिने सिद्ध करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाबरोबर त्याचेही नाव जोडलेले आहे.

मित्रहो, चरित्रलेखन येथे संपविले असते तर ते गोड झाले असते. पण खरे झाले नसते. १९२१ साली केटरिंगच्या हाताखाली टॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून इंजिनातील ठोके थांबविण्याची युक्ती काढली. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ज्ञात होते. १९२४ साली न्यू जर्सीत हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार दगावले. ते विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्षपद केटरिंगने स्वीकारले होते. तरीही विक्री कायमची थांबली नाही. धुराबरोबर ते शिसे अनेक दशके रस्त्यांवर व बालकांच्या रक्तात साचत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. सर्व जगातील मोटारींसाठी ती २०२१ साली थांबली.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे केटरिंगने देह ठेवला. त्याच्या आयुष्याकडे पाहताना आम्हांस एक गोष्ट खटकते व शिकवितेही. लहानशी मोटर क्षणभर किती भार सोसू शकेल, याचा हिशेब त्याने इतरांहून अचूक केला. परंतु थोडेथोडे विष वर्षानुवर्षे साचत गेले, तर मनुष्यदेह किती भार सोसू शकेल, हा हिशेब त्याने पुढे पाहून केला नाही. पहिल्या हिशेबाने लोकांची मनगटे वाचली. दुसरा राहिल्याने कित्येक पिढ्यांनी त्याची किंमत मोजली.

आपणांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी वैद्य, कोणी कारखानदार. अधू डोळ्यांनी विद्या मिळविणाऱ्या केटरिंगची चिकाटी आपण अवश्य घ्यावी. मात्र आपले यंत्र पहिल्या दिवशी चालू झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. पन्नास वर्षांनी ते काय करील, हेही स्वतःस विचारावे. हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय शाळेच्या बाकावरच जडावी, अशी आमची इच्छा आहे.